नाकासमोर

ओरुरोहून निघालं की रस्ता वळसे घेत येतो.
माझी मिनीबसही तशीच: खड्डा चुकवत, पोलीस चुकवत,
कुणी हात दाखवलाच तर वाकडी वाट करून.

गावाच्या वर मात्र रेघ आहे.
चर्चच्या मागच्या भिंतीपासून निघते
आणि चार कोसांवरच्या चुल्पापर्यंत,
जुन्यांच्या त्या मातीच्या थडग्यापर्यंत,
नाकासमोर जाते.
टेकडी आली, टेकडीवरून.
ओढा आला, ओढ्यातून.
लामा शहाणे, ते चढाला नागमोडी जातात
आणि वर पोचून आपली वाट बघतात.

कुणी आखली विचारलं तर आत्या निकासिया म्हणते,
"आखणारा ठाऊक नाही. झाडणारे ठाऊक आहेत."
काळी खडी बाजूला सारायची,
खालची पांढरी माती उघडी करायची, एवढंच.
घरटी वाटे ठरलेले.
तोलाच्या झुडपापासून फुटक्या खडकापर्यंत आत्याचा.
तिथून पुढे तीनशे पावलं आमचा.

बाप जाऊन तीन वर्षं झाली.
आत्याचा वाटा लख्ख,
फावडं खडकाशी येऊन थांबलेलं. वीतभरही पुढे नाही.
चढावरून बघितलं तर रेघ, मग काहीच नाही, मग पुन्हा रेघ,
दात पडलेल्या तोंडासारखी.
"थोडं तूच झाडायचंस ना," मी म्हटलं.
तिने कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

मग वाकलो.
इचू गवत बोटं कापतं.
दुपारपर्यंत चाळीस पावलं,
टायरच्या चपलेचा एक पट्टा, बाटलीचं बूच,
आणि गवताखाली बसलेली खड्यांची जुनी कड.
आत्याच्या कडेच्या ओळीत नाही,
हातभर बाहेर.

बाप चुकणाऱ्यातला नव्हता.
लोकरीची दोरी ताणून, एक डोळा मिटून,
शिव्या देत सरळ करायचा.
त्या हातभर जागेपाशी बसून राहिलो,
आणि आठवला पत्र्याचा चमचा.
मी सहा वर्षांचा, त्याच्या डाव्या अंगाला.
तो फावड्याने, मी चमच्याने,
एकेक खडा उचलून: इथे ठेवू?
तो वर न बघता म्हणायचा, ठेव.

नंतर दर वर्षी,
मी शहरात मिनीबसचे हप्ते फेडत असताना,
त्याने ती वाकडी कड तशीच राखली.

साहामाच्या बर्फावर ऊन पिवळं पडलंय.
वारा सुटलाय. दोरीचं एक टोक धरून आत्या ओरडते,
"सरळ घे रे, सरळ!"

मी बाहेरच्या कडेपासून धरलं.