खबर देणारा

समुद्रपूरच्या तहसिलीत, मागच्या खोलीत
कोतवालबुकाची पानं मी फुंकर घालून उलटतो.
जोरानं फुंकलं तर वर्षच फाटतं.

पणजा जन्माच्या रकान्यात नाही.
मरणाच्याही नाही.
सापडला तो शेवटच्या रकान्यात :
खबर देणारा – उकंडा कोतवाल.

सन अठरा, कार्तिक. एका पानावर एकवीस मरणं,
सगळ्यांचं कारण ताप,
आणि एकवीस वेळा तोच अंगठा
खाली खाली फिकट होत गेलेला.
शाई संपत आली असेल. किंवा हात.

बावीस नंबर : मुलगी, वय तीन, नाव नाही.
खबर देणारा – बाप.
इथला अंगठा गडद.

आत्या सांगायची, आधीची चार गेली
म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर टाकला,
सुपात घालून परत आणला,
नाव ठेवलं उकंडा.
मरणाची नजर जाऊ नये म्हणून.

"भेटला का मरणाचा दाखला?" बाबू विचारतो,
"त्याच्याबिगर पुढं काही होत नाही."

नाही भेटला.
नाव लागू पडलं म्हणा.
नाहीतर साऱ्या गावाची खबर नेणारा गेला
तेव्हा त्याची खबर नेली कोणी
ठाण्यापर्यंत, सात कोस, पायी?