पुठ्ठा

हसुराम केणे ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा
पडघ्याच्या नाक्यावर वड्यांचा पहिला घाणा निघत होता.
"उचलतो गो, पन धरत नाय.
राती रोटाव्हेटर वर करून ठेवला,
सकाली बघतो तं जमिनीला टेकलेला.
आई बोलते, बाहेरचं काय तरी हाय."

बाहेरचं नाही, म्हटलं, आतलंच आहे.

वर घेतला, इंजिन बंद केलं,
मडगार्डवर खडूनं रेघ मारली
आणि समोर उकिडवी बसले.
दहा मिनिटं नुसतं बघायचं.
या कामात हेच कुणाला जमत नाही,
सगळ्यांना आधी पाना हवा असतो.

चार बोटं उतरला.
पंगतीत डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखा,
कुणाला कळू न देता.

खलीलचाचांच्या उजव्या हाताला चारच बोटं.
शिकायला गेले त्या दिवशी त्यांनी मला
पाना दिला नाही, पुठ्ठा दिला,
बिस्किटांच्या खोक्याचा.
"होज कुठे गळतो ते हातानं चाचपायचं नाही, बेटा.
सुईच्या टोकाएवढं भोक, दिसत नाही.
त्याच्यासमोर पुठ्ठा फिरवायचा,
भिजेल तिथे समजायचं.
मी हात फिरवला. वाटलं, मधमाशी चावली.
संध्याकाळी बोट पिवळं, मग काळं.
कळव्याला डॉक्टर म्हणाले, इतक्या उशिरा?
मी म्हटलं, ट्रॉली वीटभट्टीवर पोचवायची होती."

तेल सोडलं तर ताक आलं.
"चिखलणीला किती खोल घातला होतास?"
हसुराम वड्यांकडे बघायला लागला.
ब्रीदरची टोपी जागेवर नव्हती,
तिथं चिंधी कोंबलेली, निळी, बारीक फुलांची.
"पोरीचा जुना फराक व्हता."
गाळणीत आख्खं शेत बसलेलं.
म्हणून पंप कण्हत होता गेला महिनाभर,
आणि याला वाटत होतं, थंडीनं.

वरचं कव्हर दोघांना उचललं नाही,
वडेवाल्याला हाक मारली,
तो बेसनाच्या हातांनीच आला.
पिस्टनवरची ओ-रिंग
एका अंगानं चपटी, काठाला केसाएवढी चीर.
एवढ्यातून रात्रभर तेल परत फिरत होतं
थेंबाला थेंब न सांगता.
रिंग मी मनगटात घालून पाहिली.
सैल झाली.

तुर्भ्याला एमआयडीसीत एका गाळ्यात
शिंप्यानं बटणं ठेवावीत तशी सीलं ठेवणारा आहे.
माप सांगून देत नाही. जुनी दाखव म्हणतो,
तिला अंगठ्यानं दाबून बघतो, नाडी बघावी तशी,
आणि तिच्या मरणाचं कारण सांगतो.
"गरम तेल," म्हणाला, "आणि माती."
दोन घेतल्या. एक खिशात असावी.

नवी बसवताना तेलाचं बोट फिरवायचं,
पीळ पडू द्यायचा नाही,
घाई असेल तर त्या दिवशी बसवायचीच नाही.
नवं तेल भरलं. रिकामाच
दहा वेळा वर, दहा वेळा खाली,
हवा निघेपर्यंत घरघरला, मग गप्प झाला.

पुन्हा खडू, पुन्हा रेघ.
आता हसुरामही उकिडवा बसला शेजारी,
चहा निवला तरी कप तसाच.
रेघ हलली नाही.

"रातभर ऱ्हाईल?"
राहील.
पण रात्री खाली टेकवूनच ठेवायचा.
वर ठेवून झोपायचं नाही.
खाली कोंबड्या बसतात, पोरं लपाछपी खेळतात.

"मंग धरायला कशाला केला गो,
जर टेकवायचाच हाय?"

याचं उत्तर मला चाचांनी दिलं नव्हतं.
मी खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्याला दिला,
तो त्यानं सीटखाली सरकवला.
निळी चिंधी पिळली, झटकली,
आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली.