आठवी मूठ

शेफिल्ड. वॉकलीच्या चढावर
दम लागेल इतकी उभी गल्ली.
माझ्या पिशवीत सात मुठी,
पाती नसलेल्या सात सुऱ्यांच्या,
निळ्या फोमच्या, मीच घासून घासून घडवलेल्या.
संधिवाताच्या हातांसाठी, असं फाइलीवर लिहिलं होतं.
तो हात मी तोवर पाहिला नव्हता.

बेरिल स्टॅनिफोर्थ, वय एक्याऐंशी.
प्रत्येक मूठ तिने उचलली, जरा तोलली,
"छान आहे गं," म्हणाली,
आणि फॉर्मवरच्या पाच चेहऱ्यांतल्या
सर्वांत हसऱ्यावर खूण केली.
सात वेळा.

मी आवरायला घेतलं. ती चहाला उठली.

तेव्हा दिसलं.
नळाच्या चावीला रबरबँडांनी बांधलेला लाकडी चमचा,
कोपराने ढकलला की पाणी.
दाराच्या किल्लीला बुचाचं डोकं.
आणि केक कापायची सुरी,
तिच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब,
वेढ्यावर वेढा,
अंगठ्यापाशी जाड, करंगळीकडे निमुळती.

"हे कुणी केलं?"
"कुणी म्हणजे? रोज कापायचं असतं ना."

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली होती.
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून
चमचे-सुऱ्या चाकावर घासायची, डझनावारी.
"मूठ वाईट असली की आधी मनगटाला कळतं,
साहेबाला शेवटी."

मी वही उघडली. मग मिटली.
हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात;
मी सात आरसे घेऊन आले होते,
कांकण पाहायचं राहिलं होतं.

"मघाशी खोटं बोललात ना?"
"एवढा चढ चढून आलेली तू, पोरी."

मग तिने पाचवी मूठ मागितली.
टेबलाच्या कडेला टेकवून
त्याच सुरीने तासायला लागली,
बोटांनी नव्हे, सगळ्या खांद्याने.
चहा निवत होता.
बशीत निळा भुसा पडत होता.
माझ्या तीन महिन्यांचा.

"धर."

धरली. चौतीस वर्षांच्या माझ्या हाताला
ती कुठेच बसेना,
इथे रुतायची, तिथे सुटायची.
"जमत नाहीये," मी म्हणाले.

बेरिल हसली. तो चेहरा
फॉर्मवरच्या पाचांत नव्हता.
"तुझ्यासाठी नाहीच ती," म्हणाली,
आणि माझ्या हातातून काढून घेतली.