जुनं करून द्या की

शहापुरात, खडेबाजारच्या उताराला माझी टपरी.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी.
वर भरमू बरोबर आहे,
खाली रंगाऱ्यानं भ्रमू केलंय.
चौदा वर्षं झाली. पुसून घेतलं नाही.

शनिवारी बुलेटवाली पोरं येतात.
जॅकेट कोरं, दुकानाचा वास तसाच.
'मामा, जरा जुनं करून द्या की.'
मी वीट घासतो कोपरावर,
खांद्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर,
कॉलरला चहाच्या चोथ्याचं पाणी.
तीन दिवसांत पाच वर्षं चढतात.
साडेतीनशे घेतो,
म्हणजे वर्षाला सत्तर.
पाठीवर लडाखचा बिल्ला टाचताना
मी काही विचारत नाही.
चोर्ला उतरून जेवणाला परत आला असेल,
तरी घाट तो घाटच.

कडोलीचा जोतिबा राजदूतवरून दूध घालतो.
कॅनच्या कडीनं त्याच्या सीटला सातदा भोक पाडलं,
सातदा मी ठिगळ लावलं.
एकदा एका पोरानं त्या सीटचा फोटो काढून घेतला,
म्हणाला, अस्सं पाहिजे मला.
जोतिबाला पाहिजे होतं लाल रेग्झिन,
पांढरी पायपिंग,
आणि मागं वाघ.

मग हुंदरे साहेब आले, उद्यमबागचे, फौंड्रीवाले.
गोव्याहून त्यांनी बोट आणली होती,
तीन वर्षं हिंदवाडीच्या कंपाऊंडात
निळ्या ताडपत्रीखाली, चाकांना विटा लावून.
दिवाणखान्यात फोटो होता:
पांढरी टोपी, सुकाणूवर हात,
पाठीमागं नीट बघितलं तर शेजाऱ्यांचा नळ.
हिडकल धरण तासाच्या वाटेवर.
'शीड उंदरांनी खाल्लं रे. शिवता येतं काय तुला?'
'येतं की,' म्हणालो.
जन्मात मी शीड बघितलं नव्हतं.

अकरा दिवस लागले.
जुन्याची एकेक शिवण उसवायची, तशीच नव्यावर घालायची.
काठाच्या दुमडीत पांढरं काहीतरी निघालं.
धूळ असेल म्हणून जिभेला लावलं.
मीठ.
कुणीतरी हिला खरोखर पाण्यात घातली होती.
त्या दिवशी मशिनवर बसून राहिलो नुसता,
पाय पायट्यावर, चाक थांबलेलं.

वैशाखातली संध्याकाळ.
साहेबांनी टोपी घातली, भाचा मोबाईल घेऊन उभा.
मी आणि माझा सोमलिंग, कित्तूरचा,
दोघांनी मिळून दोर ओढला.
शीड वर गेलं
आणि लोंबकळत राहिलं वाळत घातलेल्या चादरीसारखं.
साहेबांचं तोंड उतरायला लागलं होतं,
तेवढ्यात सोमलिंग ओरडला,
'गाळी बंतु!'

जांबोटीकडून आलं होतं वारं.
शीड फुगलं, डोलकाठी कण्हली,
डाव्या चाकाची वीट फुटली
आणि बोट निघाली.
वीतभर.
फार तर दीड वीत, गॅरेजच्या दिशेनं.
टोपी जास्वंदीत.
साहेब अनवाणी, दोन्ही हातांनी दोर धरून
मागं रेललेले, हसत होते की घाबरले होते
कळायला मार्ग नव्हता.
काहीतरी ओरडले जोरात.
कुठल्या भाषेत, ते सोमलिंगलाही सांगता येत नाही
आणि मलाही.
भाचा फोटो काढायचं विसरला.

पैसे रोख मिळाले, वर सोमलिंगला पेढे.

चौथ्या दिवशी फोन.
'भरमू, शीड फार पांढरं दिसतंय रे.
ते पोरांच्या जॅकेटला काय करतोस तू?
जरा जुनं करून दे की.'

'पाण्यात घाला की साहेब,' म्हणालो.
'आपोआप होतंय.'

पलीकडं बराच वेळ काहीच नाही.
मागं कुकरची शिट्टी ऐकू आली,
आणि ताडपत्री फडफडल्यासारखी.

'होय रे,' म्हणाले.
मग जरा थांबून,
'तू किती घेशील?'

चोथा साठवून ठेवलाय डब्यात.
रेट अजून सांगितला नाही.