चार हजार सतराची दहा बोटं

लग्न सिरसिल्ल्याला, अकरा दिवस घर बंद.
गल्लीत गेल्या महिन्यात दोन कुलपं तुटली,
म्हणून म्हटलं, दिवा आपला आपण लागू दे, विझू दे,
रस्त्यावरून वाटलं पाहिजे, आत कुणीतरी आहे.

पहिल्या रात्री नुसता पाचशे पंचावन्न लावला.
वीस मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद.
राजमणी मांडीवर सूप घेऊन बघत होती,
पान कापता कापता म्हणाली,
हे काय, गड्ड्यातला पाळणा?
चोराला दोन रात्री पुरतील पाठ करायला.
माणूस असं ठरवून उठतं का कधी?

खरंय.
दिवसभर मी मागांच्या मोटारी बघतो,
तिथेसुद्धा धागा तुटतोच, धोटा अडतोच.

मग कन्ना चौकातून चार हजार सतरा आणला.
सोळा पायांचा किडा, त्यातले दहा पाय बोटांसारखे,
एका वेळी एकच वर करणार.
प्रत्येक बोटाला वेगळा रेझिस्टर,
म्हणजे प्रत्येक खेप वेगळ्या लांबीची.
पण किती लांबीची?
वही उघडली आणि पेन्सिल तिथंच थांबली.
या घरात रात्री कोण उठायचं?

अम्मा उठायची.
हजार विड्या पुऱ्या व्हायला शेवटचा कट्टा राहिला की
ती दिवा लावून भिंतीला टेकायची.
तपकिरी, काळा, हिरवा. साडेअकरा मिनिटं.
मग अंधार, मग खोकला, मग तांब्या शोधायला दिवा:
तो लहान, चाळीस सेकंदांचाही नाही.
मग मोठा अंधार, त्यात माझ्या बापाचं घोरणं.
नळाची पाळी असेल त्या रात्री हंडे आधीच दारात लावून ठेवायची,
त्याचे दोन चटके, पाठोपाठ.

आणि एकदा ती नुसतीच लावायची.
काय झालं विचारलं तर म्हणायची, एमी लेदु.
काही नाही.
ते काही नाही किती वेळ चालायचं, मला ठाऊक नाही.
मी कूस बदलून झोपून जायचो.
त्या बोटाला डब्यातला सगळ्यात मोठा लावला,
पिवळा, जांभळा, हिरवा.
हिशेबाने चोपन्न मिनिटं.

परत आलो तर बालामणीकाकू बोलेना.
पायरीवर समोर बसून विड्या वळते, मान वर नाही.
तिसऱ्या दिवशी बोलली:
मंगळवारी पहाटे साडेतीनला पाणी आलं, पाचव्या दिवशी,
तुमचा दिवा लागलेला.
घागरीने दार वाजवलं. पाइप घेऊन उभी राहिले मी,
तुमची टाकी आधी भरून देणार होते.
आत बसून राहिलात, ओ नाही की ठो नाही.

मी तिला सगळं सांगितलं. रिले, बोटं, रेझिस्टर,
दिवा कुणीच लावला नव्हता ते.
तिने एक विडी पुरी केली, दोरा तोडला,
आणि म्हणाली,
तुझी अम्मा असती तर दार उघडलं असतं.

रात्री डबा खोलला.
मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली
कपॅसिटरसुद्धा घाम गाळतो.
एवढ्या मोठ्या रेझिस्टरमधून थेंब थेंब भरत होता
आणि तेवढाच गळत होता,
वरच्या रेघेला काही पोचत नव्हता.
म्हणून सातवं बोट वरच राहिलं,
सोमवारपासून की रविवारपासून, कोण जाणे.
नुसताच लागलेला दिवा.
एमी लेदु.

नवा कपॅसिटर बारा रुपयांचा.
आणलाय, शर्टाच्या खिशात आहे.
पुढच्या वेळी किल्ली बालामणीकाकूकडे ठेवायची, असं ठरलंय.
राजमणी रोज शर्ट धुवायला घेते,
खिसा चाचपते,
तो काढून खिडकीत ठेवते
आणि सकाळी परत खिशात टाकते.