रविवारचे वीस लिटर

शनिवारी रात्रीच आरओचं पाणी निळ्या पिंपात भरतो,
सातशे ग्रॅम मीठ, हवेचा पंप,
रात्रभर गुरगुर.
सकाळी काटा पस्तीसवर.
मग टाकीत नळी सोडून तोंडाने ओढायची,
आणि वेळ चुकली
की मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर,
घोटभर समुद्र.

इरफान शिकलगार म्हणतो, कशाला?
त्याच्या दुकानात एक टाकी आहे,
सोळा महिने पाणी बदललेलं नाही.
"तपास. कमी पडेल ते घाल.
वाढेल ते खाणारं शेवाळ पाळ.
समुद्राचं पाणी रविवारी कोण बदलतं रे?"
त्याचं हॅमर कोरल माझ्या कोरलच्या दुप्पट आहे.
हे मी त्याच्याजवळ कबूल केलेलं नाही.

आठवड्याचे सहा दिवस मी डायलिसिसला असतो.
तिथेही आरओ, तिथेही क्षार मोजून,
पडद्यावरचा एक आकडा
चौदाच्या आसपास धरून ठेवायचा.
घरी येऊन पुन्हा बादल्या कसल्या, म्हणते वैजू.
तिच्या जास्वंदीला एकदा टाकीतलं काढलेलं पाणी घातलं होतं.
आठ दिवसांत नुसत्या काड्या.
कुंडी अजून तिथेच आहे,
मला दिसेल अशी.

मार्चमध्ये मग बंदच केलं.
पहिल्या रविवारी पेपर दोनदा वाचला,
जाहिरातींसकट.
दुसऱ्या रविवारी नायट्रेट पाच.
कॅल्शियम थोडं उतरलं, बाटलीतून घातलं.
पाचव्या रविवारी नायट्रेट आठ,
झोआंचं एक झुबकं मिटलं
आणि मंगळवारी परत उघडलं,
मला न विचारता.
माशांची जोडी आपल्या कोपऱ्यात.
काही झालं नाही.
रोज रात्री दिवा लावून बघत होतो
की काही कसं होत नाही.

तुंगाबाई ऐवळ्यांना दाखवले फोटो.
त्या सावळजहून येतात, मंगळवार-शुक्रवार,
एसटीने, पिशवीत भाकरी.
सुई टोचताना खिडकीकडे बघतात.
"ही फुलं हायती का जनावरं?"
जनावरं, म्हटलं.
"आणि त्यास्नी तू सुट्टी दिलीस?"
दिली.
"मग मलाबी दे की एक मंगळवार.
बघू या काय हुतंय."
त्या हसल्या. मला जमलं नाही.
मशीन वाजायला लागलं,
नळी कोपराखाली दबली होती.
नळी सोडवत मी सांगत राहिलो
की टाकीत वाळू असते, दगडात जिवाणू असतात,
ते आतल्या आत निस्तरतात सगळं.
पुढचं वाक्य आपोआप येत होतं.
ते गिळलं
आणि शेवाळाबद्दल बोललो,
बराच वेळ.

इरफानचं चुकीचं नाही.
पण माझ्याकडे पाच बाटल्या आहेत,
मी पाच गोष्टी मोजतो.
सहावीचं नावही मला माहीत नाही,
ती संपत आली असेल
तर कुठला रंग बदलेल?

हल्ली एक रविवार सोडून बदलतो, दहाच लिटर.
इरफानला सांगितलंय, बंद आहे.
वैजूला सांगितलंय, निम्म्यावर आणलं.
काढलेलं पाणी मोरीत, तिथून गटारात,
गटार नाल्याला, नाला कृष्णेला,
आणि ती बया तर
जन्मल्या जन्मल्या जवळच्या समुद्राला पाठ दाखवून
लांबच्या समुद्राकडे निघालेली.
तिला माझ्या दहा लिटरांचं काय.

मोरीच्या फरशीवर पांढरी रेघ राहते.
वैजू ती व्हिनेगरने घासते,
घासता घासता विचारते, झालं का?
मी पिंप उपडं घालतो.
उद्या सोमवार.
परवा तुंगाबाई.