दोन उन्हाळे द्या

फ्रेम ठणठणीत होती. मडगार्डं मात्र
गंजून पापडासारखी,
बोट लावलं की बोट पलीकडे.

इतवारीत चार दुकानं फिरले.
काळी आहेत, नाहीतर चकचकीत,
एका ठिकाणी पोरांच्या सायकलचं संत्री.
“थो रंग आता कुठी भेटते ताई,
आन् मडगार्डाकडं पाह्यते कोन?”

मी पाहते.
अठ्ठ्याऐंशी साली, रक्तपेढीतल्या तिसऱ्या पगारात घेतली होती ही.
धंतोली ते मेडिकल, उलट्या वाऱ्यात
मान खाली घालून पॅडल मारताना
ती हिरवी कमान तेवढी दिसायची,
कायम माझ्या हातभर पुढे.

कोणता हिरवा, ते सांगता येत नव्हतं.
मेथीचा नाही. पोपटी तर नाहीच.
कूलरच्या टाकीत आठ दिवस राहिलेल्या पाण्याचा थोडा,
थोडा शाळेतल्या फळ्याचा,
ओलं फडकं नुकतंच फिरलेल्या.

पाचपावलीत एक जण स्कूटरचे पत्रे रंगवतो.
नाव नसलेला रंग घेऊन गेले,
तर त्याचं आडनाव निनावे. आतल्या आत हसले.
आजा लुगड्यांचं सूत रंगवायचा म्हणे,
माग विकला, नजर राहिली.
त्यानं रंगाबद्दल काही विचारलंच नाही.
पाना घेतला, सीट उपसली,
आणि पकडीखालून निघाला
बोटभर रुंदीचा एक पट्टा,
दुकानातल्या पहिल्या दिवसाइतका गडद.
त्याच्या शेजारी बाकीची सगळी फ्रेम
धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखी.

रोज बघत होते, तरी कळलं नव्हतं.
रोज बघत होते म्हणूनच.

“कोनता लावू? हा, का हा?”

उद्या सांगते म्हटलं.
गच्चीवर रात्री बाराला फरशी अजून गरम,
मी या कुशीवरून त्या कुशीवर.
गडद लावला तर फ्रेम म्हातारी दिसणार.
उडालेला लावला
तर नवं कोरं मडगार्ड जन्मतःच दमलेलं.
केसांना मेंदी लावायची की नाही
यावर मी चार वर्षांपूर्वी
एवढा विचार केला नव्हता.

पहाटे पाचला बोलावलं होतं.
दुपारी फवारा मारला तर रंग हवेतच वाळतो,
पत्र्यावर पडते ती नुसती भुकटी.
गल्लीत तारेला टांगलेली दोन्ही मडगार्डं,
रेड ऑक्साइडमध्ये, सोललेल्यासारखी.
डब्याच्या झाकणावर त्यानं हिरवा ओतला,
काळा काडीच्या टोकानं,
पिवळा, मग परत काळा.
पत्र्याच्या तुकड्यावर बोट टेकवायचा,
फुंकायचा, फ्रेमला लावून बघायचा, फेकायचा.
“ओला रंग खोटं बोलते,” म्हणाला. सहा तुकडे फेकले.
शेजारची बाई सडा टाकायला आली
तिला हातानंच थांबवलं. धूळ नको, पाणी नको.

उजाडेपर्यंत झालं.
“मधला केला. जरासा गडदाकडं.
दोन उन्हाळे द्या, जुळते बराबर.”
मी म्हटलं, तोवर फ्रेमही उडेल न अजून?
त्यानं बंदूक थिनरमध्ये बुडवली.
“उडन. पन थे आता हळू उडते.
जेवढं जायाचं, गेलं तिचं.”

साडेचारशे घेतले.
उरलेला रंग इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत भरून दिला,
ओरखड्याबिरखड्याला.
सवयीनं मी लेबल शोधलं: गट, तारीख, नंबर.
नुसती काच.

गोळीबार चौकात गिट्टीचा खडा उडाला,
मागच्या मडगार्डावर टिंग वाजलं.
उतरून पाहिलं नाही.